संग्रहालयाच्या दारातले दुकान : पुस्तके आणि हस्तकला विकताना काय पाहावे

आमच्या संग्रहालयाचे दुकान तिकीट खिडकीशेजारच्या एका काचेच्या कपाटात सुरू झाले. वैनगंगेच्या पट्ट्यातील हे छोटे कलासंग्रहालय आहे. त्याची दालने चार आहेत. त्यांपैकी एकात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातल्या, नाटकांसाठी रंगवलेले जुने पडदे आहेत आणि बाकीच्यांत या भागातील चित्रे, लाकूडकाम व विणकामाचे नमुने आहेत. कपाट रिकामे दिसू नये म्हणून पहिल्या वर्षी आम्ही शहरातील एका घाऊक व्यापाऱ्याकडून वारली चित्रे काढलेल्या ॲल्युमिनियमच्या किटल्या, चुंबक लावलेली चित्रे आणि चाव्यांच्या साखळ्या आणून ठेवल्या. डिसेंबरात सहलीला आलेल्या आठवीतल्या एका मुलीने किटली हातात घेऊन, "मॅडम, हे कोणत्या गावचं आहे?" असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. वारली चित्रकला पालघर-ठाण्याकडची, म्हणजे राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. ती किटली कोणी रंगवली हे मला ती विकणाऱ्या व्यापाऱ्यानेही सांगितले नसते. त्यानंतर आम्ही एक नियम केला, आणि या लेखात पुढे जे काही सांगितले आहे ते त्याच नियमातून आलेले आहे. वस्तू कोणी केली, कोठे केली आणि कशाची केली, या तीन प्रश्नांची उत्तरे गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला देता येत नसतील तर ती वस्तू दुकानात ठेवायची नाही.

हा नियम पुस्तकांनाही लागू होतो, पण त्याविषयी पुढे येईलच.

माल कोठून घ्यावा

सुरुवातीला नकाशावर एक वर्तुळ काढावे. सकाळच्या एसटीने निघून, कारागिराच्या घरी दोन-तीन तास बसून, संध्याकाळच्या गाडीने परत येता येईल एवढी त्या वर्तुळाची त्रिज्या असावी. पूर्व विदर्भात एवढ्याशा वर्तुळातही पुष्कळ सापडते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव आणि पवनी या भागात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, हातमाग आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडे बुरूड कारागिरांची घरे आहेत आणि चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. भद्रावतीला ग्रामोदय संघाचे मातीकाम आहे, आणि वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी विणलेले कापड व हाताने केलेल्या वस्तू मिळतात. अमरावतीकडच्या संग्रहालयाला मेळघाट जवळ पडतो. धारणी तालुक्यात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या राख्यांपासून फर्निचरपर्यंत बरेच काम उभे केले आहे. मात्र या सगळ्यांचा थोडा थोडा माल आणून दुकानाचे प्रदर्शन करण्यापेक्षा, तुमच्या दालनात ज्या कलेचे नमुने आहेत त्याच कलेचा माल प्रथम घ्यावा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात हे नाते फार सहज दिसते. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले ते संग्रहालयच ग्रामोद्योगांचे आहे, त्यामुळे पाहणाऱ्याने चरखा पाहिला की सूत आणि कापड यांचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

बचतगटांकडून माल घेताना एक गोष्ट स्पष्ट विचारावी. गटाने वस्तू स्वतः केली आहे की आणून विकायला ठेवली आहे? दोन्ही कामे चांगलीच आहेत, पण संग्रहालयाच्या दुकानाला पहिलेच हवे असते. हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. न विचारल्यास पुढे अधिक संकोच वाटतो.

किंमत ठरवण्यासाठी घड्याळ घेऊन बसावे

कारागिराला किंमत विचारली की तो बहुधा आठवडी बाजाराची किंमत सांगतो. आमच्याकडे टोपल्या देणारे बुरूड काका कागद टाकण्याच्या टोपलीचे दीडशे रुपये म्हणाले. बाजारात सुपाला जेवढे मिळतात त्याच्या आसपासची ती किंमत होती, म्हणून त्यांना ती योग्य वाटत होती. किती वेळ लागतो असे विचारल्यावर "दोन घंटे लागते जी" असे उत्तर आले. मी एक पूर्ण दिवस त्यांच्या अंगणात बसले आणि वहीत वेळ लिहीत गेले. बांबू कापून, कोयत्याने उभा चिरून, त्याच्या कामट्या काढण्यात एक तास चाळीस मिनिटे गेली. त्या कामट्या सुरीने तासून गुळगुळीत करण्याचे काम काकू करत होत्या. त्याला पन्नास मिनिटे लागली. विणायला एक तास पन्नास मिनिटे आणि काठ बांधून आवळायला चाळीस मिनिटे लागली. म्हणजे टोपलीला पाच तास लागले, आणि काकांनी त्यांतले फक्त विणण्याचे दोन तास मोजले होते. कामट्या काढणे हे त्यांच्या हिशेबात कामच नव्हते, आणि काकूंचा वेळ तर दोघांपैकी कोणीच धरला नव्हता.

मग हिशेब असा झाला. तासाला साठ रुपये धरले तर पाच तासांचे तीनशे रुपये होतात. त्यात बांबूचे पंचेचाळीस आणि रंगाचे पंधरा मिळवले की तीनशे साठ रुपये ही खरेदीची किंमत येते. दुकानाला विक्रीच्या रकमेतून ३५ टक्के उरायला हवेत, कारण त्यातून गल्ल्यावरच्या मुलीचा पगार, पिशव्या, वीज, मोडतोड आणि न विकलेला माल हे सगळे निघायचे असते. येथे पुष्कळ संस्था चुकतात. खरेदीवर ३५ टक्के चढवले तर किंमत ४८६ रुपये होते आणि दुकानाच्या हाती विक्रीच्या जेमतेम २६ टक्के राहतात. विक्रीच्या ३५ टक्के हवे असतील तर खरेदीला ०.६५ ने भागावे लागते, आणि तेव्हा किंमत ५५४, म्हणजे साडेपाचशे रुपये येते.

साडेपाचशे रुपयांची टोपली किती जण घेतील, हा प्रश्न रास्त आहे. ताडोब्याहून परतणारे पर्यटक घेतात. शाळेच्या सहलीतील मुले घेत नाहीत. म्हणून टोपलीची किंमत पाडण्याऐवजी आम्ही दुसरी वस्तू मागितली. उरलेल्या कामट्यांतून तासाभरात होणारे लेखण्या ठेवण्याचे नळकांडे साठ रुपये मजुरी आणि पंधरा रुपये साहित्य धरून पंच्याहत्तरला पडते, आणि १२० रुपयांना विकता येते. कारागिराचा तास तोच राहिला पाहिजे; वस्तू लहान किंवा मोठी करता येते. घासाघीस करणाऱ्या ग्राहकाला हा हिशेब शांतपणे सांगितला तर बहुतेक वेळा तो ऐकून घेतो. आम्ही काकांच्या टोपलीशेजारी ते पाच तास चिठ्ठीवर लिहूनच ठेवले आहेत.

पैसे माल घेतानाच द्यावेत. 'विकले की देऊ' ही पद्धत पुस्तकांच्या प्रकाशकाशी ठीक आहे, कारण त्याच्याकडे भांडवल असते. ज्याला पुढच्या आठवड्याचा बांबू याच पैशातून घ्यायचा आहे त्याच्यावर दुकानाच्या मंदीचा भार टाकणे योग्य नाही. भांडवल कमी असेल तर माल कमी घ्यावा.

मागणी केव्हा नोंदवावी

आमच्याकडचा कारागीर वर्षभर कारागीर नसतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून सारे घर मोहफुले वेचायला जाते. पुढे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि त्या दिवसांची मजुरी कोणतेही दुकान देऊ शकत नाही. जून सुरू झाला की पेरणी आणि पऱ्हे (धानाची रोपे) येतात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी असते. वऱ्हाडात धानाच्या जागी कापसाची वेचणी धरावी. या सगळ्यातून मोकळा सापडणारा काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. वर्षभराची मोठी मागणी त्या तीन महिन्यांत करून घ्यावी आणि ती दिवाळीपूर्वीच सांगून ठेवावी. ऑगस्टमध्ये फोन करून शंभर नग मागणाऱ्या शहरी खरेदीदाराला 'हे लोक वेळ पाळत नाहीत' असे वाटते. त्याने रोवणीचा चिखल पाहिलेला नसतो.

विक्रीचे वेळापत्रक याहून वेगळे असते. ताडोबा अभयारण्याचा गाभा (कोअर क्षेत्र) १ ऑक्टोबरला उघडतो आणि पावसाळ्यात बंद होतो, म्हणून पर्यटक त्या बेताने येतात. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत असतात. त्या काळात दहा ते पन्नास रुपयांच्या वस्तू गल्ल्यापाशी पुरेशा हव्यात. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, दंडार हे लोकनाट्य आणि नाटके होतात, आणि पाहुणे मुक्कामाला येतात. त्या वेळी मंडईत एक टेबल मांडावे. आमचा अनुभव असा की मंडईत पुस्तके हस्तकलेपेक्षा जास्त विकली जातात, कारण सूप आणि टोपली मंडईत आलेल्याच्या घरी असतेच.

बांबूचा भुंगा

आमच्या हातून झालेली सर्वांत महागडी चूक येथे सांगते. एका वर्षी आम्ही ऑगस्टमध्ये साठ बांबूचे दिवे करून घेतले. दिवे सुंदर होते. नोव्हेंबरमध्ये मांडणीवर प्रत्येक दिव्याखाली पिवळसर पिठाची छोटी रांगोळी दिसू लागली, आणि डिसेंबरात दोन ग्राहकांनी दिवे परत आणले. बांबूत स्टार्च असते, त्यावर पीठभुंगा जगतो, आणि तो बाहेरून दिसतो तेव्हा आतले काम झालेले असते. काकांना दाखवल्यावर ते म्हणाले, "पावसातला बांबू होता न जी, भुंगा त लागनच." त्यांना हे आधीपासून माहीत होते; मीच घाई केली होती आणि त्यांना विचारले नव्हते.

तेव्हापासून आम्ही पाऊस संपल्यानंतर, थंडीत तोडलेला आणि तीन वर्षांचा झालेला बांबूच घ्यायला सांगतो. कामट्यांवर बोरिक पावडर आणि टाकणखार (बोरॅक्स) यांची प्रक्रिया करून घेतो. शंभर लिटर पाण्याला दोन किलो बोरिक आणि तीन किलो टाकणखार घ्यावे, म्हणजे साधारण पाच टक्क्यांचे द्रावण होते. त्यात चिरलेल्या कामट्या किमान एक दिवस पूर्ण बुडालेल्या ठेवाव्यात आणि नंतर सावलीत वाळवाव्यात. उन्हात वाळवल्यास त्या तडकतात. पोळ्या किंवा फळे ठेवण्याच्या टोपल्यांसाठी मात्र हे द्रावण वापरू नये. त्यांच्यासाठी दोन-तीन आठवडे बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाण्यात बांबू बुडवून ठेवण्याची जुनी रीत पुरते, फक्त वास जाईपर्यंत थांबावे लागते.

बांबू कोठून आला हेही विचारून घ्यावे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनेतर जमिनीवरचा बांबू वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) बांबू सहज वापरता येतो. जंगलातील बांबू ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्कातून येत असेल तर ती अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. अशी माहिती वस्तूच्या चिठ्ठीवर दोन ओळींत मावते.

कोसा आणि लाकडी नंदी

करवती किनारीची कोशाची साडी हे आमच्या भागाचे वैभव आहे. तिच्या किनारीची करवतीसारखी दातेरी रेघ काढण्यासाठी किनारीचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी फिरवून एकमेकांत अडकवावा लागतो. या साडीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यालाच असतो, म्हणून विणकराला त्याची नोंदणी आहे का हे विचारल्याशिवाय फलकावर तसे लिहू नये. 'खादी' या शब्दाचेही तसेच आहे. हातमागावर विणलेले सगळे कापड खादी नसते, आणि खादी आयोगाच्या प्रमाणपत्राशिवाय कोणत्याही कापडाला खादी म्हणून विकता येत नाही. कापड तपासायचे झाल्यास पदराच्या टोकाचा एक धागा जाळून पाहावा. खरा कोसा केस जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरते. बनावट धागा वितळून त्याची कडक गोळी होते. ताणा (उभा धागा) कोठला आणि बाणा (आडवा धागा) कोठला हे वेगवेगळे विचारावे. जो विणकर खरे सांगतो त्याच्याकडून माल घ्यावा, मग त्यातला एक धागा बाहेरून आणलेला असला तरी चालेल.

छोट्या संग्रहालयाने साड्यांचा साठा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका साडीत अडकलेल्या पैशात आमच्या दुकानाची महिनाभराची खरेदी होते. त्याऐवजी दोन साड्या टांगून ठेवाव्यात, विणकराचा पत्ता द्यावा, आणि विक्रीसाठी कोशाचे रुमाल, पुस्तकखुणा व स्टोल ठेवावेत. घड्या दर महिन्याला बदलाव्यात, नाहीतर घडीवरच कोसा विरतो. थेट ऊन लागणारी खिडकी त्याच्यासाठी वाईट.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्यानंतरच्या मुलांच्या सणाचे, लाकडी नंदी बाहेरच्या पाहुण्यांना फार आवडतात, आणि मुले चाकांवर ओढत नेतात तेव्हा दुकानात गलका होतो. पण नंदी हे खेळणे आहे आणि खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाची सक्ती आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट दिलेली आहे, म्हणून नंदी करणाऱ्या सुताराकडे 'पहचान' ओळखपत्र असले पाहिजे, आणि बिलावर त्याचे नाव व क्रमांक लिहिला पाहिजे. नसेल तर ते काढून देण्यात मदत करावी. कारागीर आणि ग्राहक यांच्या मध्ये दुकान आल्यावर ही सूट कशी लागू होते, हे जिल्हा उद्योग केंद्रातून लेखी विचारून घेणे बरे. लहान मुले नंदीचे शिंग तोंडात घालतात, म्हणून रंग शिसेविरहित असल्याची खात्री करावी.

पुस्तके

पुस्तकांचा कोपरा ठेवायचा की नाही यावर आमच्या समितीत बरेच वाद झाले. 'खेड्यात पुस्तके कोण घेतो' असे म्हणणारे आता गप्प आहेत, पण त्यांचे निम्मे म्हणणे बरोबरही होते. शहरातील पुस्तकदुकानात मिळणाऱ्या कादंबऱ्या येथे पडून राहतात. जी पुस्तके दुसरीकडे सहज दिसत नाहीत तीच येथे चालतात. त्यांत जिल्ह्याचा इतिहास, मंदिरे व लेणी यांची माहिती, झाडीबोली आणि वऱ्हाडी यांविषयीची पुस्तके, लोककलांवरील लेखन, स्थानिक कवींचे संग्रह आणि मुलांची चित्रांची पुस्तके येतात. मुलांसाठी १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके सर्वांत उपयोगी पडतात, कारण सहलीला आलेल्या मुलाच्या खिशाला ती परवडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनेही स्वस्त असतात. नागपूरच्या विदर्भ साहित्य संघासारख्या जुन्या संस्थांशी पत्रव्यवहार ठेवावा. या भागात कोण काय लिहीत आहे हे तेथे लवकर कळते.

प्रकाशक विक्रेत्याला साधारण २५ ते ४० टक्के सवलत देतात, आणि ती मागणीच्या आकारावर अवलंबून असते. हस्तकलेच्या तुलनेत नफा कमी वाटतो, पण न विकलेली पुस्तके परत घेण्याची अट मान्य करून घेतली तर धोकाही कमी असतो. परतीची मुदत आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्यावे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. भेटकार्डे, चित्रे आणि हस्तकलेवर तो असू शकतो. केवळ वस्तू विकणाऱ्या दुकानाला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय सहसा नोंदणी लागत नाही, तरी राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर आधी कर-सल्लागाराला विचारावे. संग्रहालय धर्मादाय न्यासाचे असेल तर दुकानाचे हिशेब पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ठेवावेत.

दूरच्या वाचकांना पुस्तक पाठवण्यासाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे मूळ दर आहेत आणि त्यांवर कर लागतो. खासगी कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, पोस्टमन मात्र येतो.

या सगळ्यात सर्वाधिक विकले जाणारे पुस्तक तुमचे स्वतःचे असावे. दालनातील वस्तूंची ओळख करून देणारी सोळा किंवा बत्तीस पानांची पुस्तिका काढावी. पानांची संख्या आठच्या किंवा सोळाच्या पटीत ठेवली की कागद वाया जात नाही. पहिल्यांदा पाचशेपेक्षा जास्त प्रती छापू नयेत, कारण पहिल्या आवृत्तीत चुका राहतातच. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हे छोटे प्रकाशक हमखास विसरतात.

चित्र आपले, पण हक्क कोणाचा

आमच्या नाटकाच्या पडद्यांची पोस्टकार्डे काढायचे ठरले तेव्हा सगळ्यांना वाटले की पडदा संग्रहालयाचा आहे, तेव्हा प्रश्नच नाही. तसे नसते. चित्र विकत घेतले किंवा दान मिळाले म्हणून त्याच्या प्रती काढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो सामान्यतः चित्रकाराकडे, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत वारसांकडे राहतो. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानला जातो. आम्ही पडदा रंगवणाऱ्या चित्रकाराच्या मुलाकडे गेलो आणि एका पानाचा करार केला. कोणते चित्र, किती प्रती, किती वर्षे, प्रत्येक छपाईला किती रक्कम आणि कार्डाच्या मागे नाव कसे छापायचे, एवढेच त्यात आहे. त्यांनी पैशांपेक्षा नावाच्या अक्षरांच्या आकाराविषयी जास्त वेळ चर्चा केली. आता त्या पोस्टकार्डांवर वडिलांचे नाव चित्राच्या नावापेक्षा मोठे आहे, आणि तेच योग्य दिसते.

काय ठेवू नये

गावात संग्रहालय आहे हे कळल्यावर लोक जुन्या वस्तू घेऊन येतात. कोणी नांगरताना सापडलेले मणी आणतो, कोणी आजीची तांब्याची नाणी, कोणी मूर्तीचा तुकडा. पवनी, अडम, कौंडिण्यपूर यांसारख्या उत्खनन झालेल्या ठिकाणांच्या आसपास हे अधिकच घडते. दुकानाने अशी वस्तू विकत घेऊ नये, विकू नये आणि 'ठेवून तर घ्या' म्हटले तरी गल्ल्याखाली ठेवू नये. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती तर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते; तो कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. येणाऱ्या माणसाला चहा द्यावा, वस्तूचे मोल नीट समजावून सांगावे आणि त्याच्यासोबत तहसील कार्यालयात जावे. चितळाची शिंगे, गळून पडलेली असली तरी, आणि साळिंदराचे काटे यांचेही तसेच. वन्यजीव कायद्यापुढे 'जंगलात पडलेले होते' हे उत्तर चालत नाही.

खाण्याचे पदार्थही आम्ही ठेवत नाही. मोहाचे लाडू आणि मध यांचा आग्रह दरवर्षी होतो, पण त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबल आणि मुदत हे सगळे सांभाळावे लागते, शिवाय मुंग्या पुस्तकांपर्यंत पोहोचतात.

मांडणी, चिठ्ठी आणि जूनची मोजणी

मांडणीविषयी फार सांगण्यासारखे नाही. वस्तू हाताला लागतील अशा ठेवाव्यात, काचेत फक्त कोसा ठेवावा, आणि पुस्तके भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावीत म्हणजे वाळवी लवकर दिसते. प्रत्येक वस्तूला सुतळीने जाड कागदाची चिठ्ठी बांधावी. तिच्यावर कारागिराचे नाव त्याच्या संमतीने, गाव, साहित्य, लागलेला वेळ आणि किंमत एवढे असावे. कारागिराचा फोन नंबर चिठ्ठीवर छापू नये. रात्री-अपरात्री फोन येतात. मागणी आली तर ती दुकानातून पुढे कळवावी. यूपीआय असावे, पण पावसात नेटवर्क जाते म्हणून सुट्या पैशांची पेटी भरलेली असावी.

साठ्याची वही रोज लिहावी आणि पूर्ण मोजणी वर्षातून एकदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी. पाऊस येण्याआधी सगळा माल मांडणीवरून उतरवून सावलीत पसरावा. पुस्तकांची पाने फडफडवून कसर (कागद खाणारी कीड) आहे का पाहावे. बांबूच्या वस्तू पांढऱ्या कापडावर आपटून पीठ पडते का तपासावे, आणि पीठ पडले तर ती वस्तू त्याच दिवशी बाहेर काढावी. कोशाच्या घड्या मोडून सुती फडक्यात नव्याने बांधाव्यात. ज्या वस्तूचा एकही नग वर्षभरात विकला गेला नाही तिची वेगळी यादी करून ती कारागिराकडे घेऊन जावी आणि काय बदलता येईल हे त्यालाच विचारावे. हे पेरणीच्या आधीच करावे, कारण एकदा पाऊस लागला की दिवाळीपर्यंत तो अंगणात सापडत नाही.